फॉरमॅट मारला की फोटोंचे अल्बम दर वेळी का उडतात, आणि घरच्या कॉम्प्युटरवर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या माझ्या मावशीचा फोन दर दीड-दोन वर्षांनी एकाच गोष्टीसाठी येतो. "पोरी, फोटो तं आहेत, पण नावं कुठं गेली वं? मागच्या बारीला बी असंच झालं होतं." तिनं दोन उन्हाळे दुपारभर कूलरसमोर बसून चारेक हजार फोटोंना नावं दिली होती. कोण कोणाच्या लग्नातला, कोणती आत्या, नातवाचा पहिला तान्हा पोळा (लहान मुलांचा, लाकडी बैलांचा पोळा) कोणता, सगळं. कॉम्प्युटर हळू झाला, दुकानात दिला, फॉरमॅट होऊन घरी आला आणि नावं गेली. अल्बम गेले, उजळ करून ठेवलेले जुने फोटो पुन्हा काळपट दिसायला लागले. दुकानदार म्हणाला, "डी ड्राइव्हला हातच नाही लावला." तो खरं बोलत होता, फोटो डी ड्राइव्हवरच होते.

शाळेत मी संगणक शिकवते, त्यामुळे ओळखीच्या घरांतली अशी कामं माझ्याकडे येतात. धरमपेठेत, महालात, मनीषनगरात हाच प्रकार पाहिला आहे. लोक दर वेळी सॉफ्टवेअरला नावं ठेवतात, नवीन टाकतात, पहिल्यापासून सगळं लावतात आणि पुढच्या फॉरमॅटला पुन्हा तिथंच येतात. म्हणून "कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?" याआधी एक प्रश्न विचारायला हवा: तुम्ही दिलेली नावं ते सॉफ्टवेअर ठेवतं कुठं?

बिघाड नेमका कुठं आहे

इतवारीतल्या ठोक दुकानाचं उदाहरण घ्या. माल गोदामात असतो आणि कोणत्या थप्पीत काय आहे ते मुनीमजींच्या वहीत. वही गेली तर माल जागच्या जागी असूनही सापडत नाही. फोटो नीट लावून ठेवणारी बहुतेक सॉफ्टवेअर अशीच चालतात. फोटो तुमच्या फोल्डरात राहतात, पण नावं, अल्बम, पसंतीचे तारे, चेहऱ्यांची ओळख हे सगळं एका वेगळ्या फाइलीत लिहिलं जातं. तिला डेटाबेस किंवा कॅटलॉग म्हणतात. ही वही पुष्कळदा सी ड्राइव्हवर (डिस्कच्या ज्या भागात विंडोज असतं तिथं), युजरच्या नावाच्या फोल्डरात, 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपलेल्या जागी असते. फॉरमॅट मारला की सी पुसला जातो आणि डी तसाच राहतो. म्हणजे माल वाचतो आणि वही जाते.

एडिटिंगचंही तेच. काही सॉफ्टवेअर मूळ फोटोला हात लावत नाहीत, "इथून कापा, एवढा उजळ करा" एवढी सूचना बाजूला लिहून ठेवतात आणि दाखवताना ती लावून दाखवतात. पद्धत चांगलीच आहे, कारण मूळ फोटो शाबूत राहतो. पण ती सूचना वाचणारं सॉफ्टवेअर गेलं की बदलही गेला. गूगलचं फोटो लावायचं पिकासा ज्यांनी वापरलं त्यांना हे ठाऊक असेल. 'सेव्ह' दाबेपर्यंत त्यातले बदल प्रत्येक फोल्डरातल्या '.पिकासा.आयएनआय' नावाच्या छोट्या लपलेल्या फाइलीत असायचे. १५ मार्च २०१६ नंतर गूगलनं डेस्कटॉपवरच्या पिकासाला आधार देणं थांबवलं, तरी आजही कित्येक घरांत ते चालू आहे. तुमच्याकडे असेल तर ते काढून टाकण्याआधी त्यातले सगळे बदल सेव्ह करून घ्या.

फोटोच्या फाइलीच्या आतही लिहायला जागा असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. कॅमेरा तारीख तिथंच लिहितो. कॅप्शन, टॅग (शोधायला सोपं जावं म्हणून लावलेले शब्द), तारे, माणसांची नावंही तिथं लिहिता येतात. तिथं लिहिलेलं फोटोबरोबर पेनड्राइव्हवर जातं, भावाच्या लॅपटॉपवर जातं, फॉरमॅटनंतरही राहतं. मावशीनं दोन उन्हाळे जे केलं ते या जागी लिहिलं गेलं असतं तर काहीच गेलं नसतं.

घ्यायच्या आधी वीस फोटोंची परीक्षा

सॉफ्टवेअरची जाहिरात काहीही म्हणो, ही परीक्षा घेतल्याशिवाय चार हजार फोटो त्याच्या हवाली करू नका. दीड तासाचं काम आहे.

डी ड्राइव्हवर 'चाचणी' नावाचा फोल्डर करा आणि त्यात वीस फोटो कॉपी करा. हलवू नका, कॉपीच करा. सगळ्या जातीचे घ्या: मोबाइलचे आठ, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले पाच, जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले चार, कोणाच्या आयफोनचे दोन आणि एखादा आडवा पडलेला. मग नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो फोल्डर उघडून पाच फोटोंना मराठीत कॅप्शन द्या, पाचांना टॅग लावा, एखाद्या चेहऱ्याला नाव द्या, एक फोटो कापून उजळ करा, एक सरळ फिरवा आणि एक अल्बम बनवा. सॉफ्टवेअर बंद करा.

आता फक्त तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर जा, जिथं ते सॉफ्टवेअर नाही. शेजाऱ्यांचा चालेल. फोटोवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि त्यात 'डिटेल्स' उघडा. मावशीच्या घरी मी हे केलं तेव्हा तिला शेजारी बसवून घेतलं होतं. नातू लाकडी नंदीला धरून उभा आहे, नंदीच्या शिंगाला झिरमिळ्या, मागे मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीतून नुकतेच आलेले धुळीचे जोडे. त्या फोटोच्या 'टायटल'समोर "पहिला तान्हा पोळा" असं दिसलं आणि खाली 'टॅग्ज'मध्ये "महालचं घर". तिनं बोट ठेवून दोनदा वाचलं. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या तशाच फोटोच्या त्याच जागा कोऱ्या होत्या. काहून नावं जात होती ते तिला मग सांगावं लागलं नाही.

या परीक्षेत चार गोष्टी पाहा. कॅप्शन आणि टॅग दिसतात का? टायटल, सब्जेक्ट, कॉमेंट्स यांपैकी कुठंही दिसले तरी पास. कापलेला फोटो कापलेलाच दिसतो का? त्याचा मूळ फोटोही शिल्लक आहे का? मराठी अक्षरं नीट आहेत की प्रश्नचिन्हं? अल्बम मात्र जवळजवळ सगळीकडे गळून पडतो, कारण तो वहीतच असतो. म्हणून जे टिकायला हवं ते अल्बममध्ये ठेवू नका, फोल्डर आणि टॅगमध्ये ठेवा.

मग कोणतं घ्यावं

ज्यांना फोटो लावायचे आहेत, माणसं नावानं शोधायची आहेत, त्यांना मी डिजिकॅम सुचवते. ते फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा 'अल्बम' हा डिस्कवरचा खराखुरा फोल्डरच असतो. उद्या डिजिकॅम काढून टाकलं तरी फोल्डर तसेच राहतात. पहिल्यांदा उघडताना ते काही प्रश्न विचारतं आणि घाईत लोक 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटतात. तिथंच थांबा. एका पानावर माहिती फोटोच्या फाइलीत लिहायची का असं विचारलेलं असतं, तिथं फाइलीत लिहायचा पर्याय निवडा. आधीच घेतलं असेल तर सेटिंग्जमधल्या 'मेटाडेटा' (म्हणजे फोटोबद्दलची माहिती) भागात जाऊन टॅग, कॅप्शन, तारे, चेहऱ्यांची नावं या सगळ्यांपुढे खूण आहे का ते पाहा. अख्ख्या निवडीचा अर्थ या एका पानावर ठरतो. ते चुकलं तर डिजिकॅमही मुनीमजींची वहीच होतं.

त्याच्याही अडचणी आहेत. पडदा पहिल्यांदा पाहून माणूस दबकतो, डाव्या-उजव्या कडांना उभ्या पट्ट्याच पट्ट्या. चेहरे ओळखण्यासाठी ते सुरुवातीला काही शे एमबीची माहिती उतरवून घेतं आणि हजारो फोटोंचे चेहरे शोधताना जुनं मशीन तापतं. ४ जीबी रॅमवर मी ते लावून देत नाही, ८ असेल तर ठीक. नव्या आवृत्तीला ६४-बिट विंडोज लागतं. पहिले आठ दिवस फक्त अल्बम, टॅग आणि कॅप्शन एवढंच वापरा, बाकी पट्ट्यांकडे पाहूच नका. एडिट केलं की ते मूळ फोटो ठेवून शेजारी 'व्ही१' असं नाव जोडलेली नवी फाइल करतं, हे नवशिक्यासाठी फार मोलाचं आहे.

मशीन जुनं असेल, किंवा घरच्यांना फक्त फोटो पाहायचे, सरळ करायचे, कापायचे आणि थोडे उजळ करायचे असतील, तर फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर घ्या. घरगुती वापराला फुकट आहे. ते 'इम्पोर्ट' वगैरे काही मागत नाही, फोल्डर जसा आहे तसा उघडतं. चार फोटो शेजारीशेजारी ठेवून कोणता ठेवायचा ते ठरवता येतं. एकाच क्षणाचे सोळा फोटो काढायची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा फार उपयोग होतो. चेहऱ्यांवरून माणसं शोधण्याची सोय मात्र नाही. आणि सेव्ह करताना ते मूळ फाइलीवरच लिहू शकतं, तेव्हा 'सेव्ह अ‍ॅज'ची सवय लावा.

इर्फानव्ह्यू १९९६ पासून आहे, हलकं आहे, दोनशे फोटो एकदम लहान करून मेलनं पाठवायचे असतील तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ते पाहणारं आहे, लावणारं नाही. एक्सएनव्ह्यू एमपी हे पाहणाऱ्या आणि लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मधलं, खासगी वापराला फुकट.

गिंपबद्दल मुलं नेहमी विचारतात. ते फुकट आहे आणि ताकदीचं आहे, पण ते एका फोटोवर बसून काम करण्याचं साधन आहे. फोटो लावण्याची त्यात सोयच नाही. आजोबांच्या फाटक्या फोटोची दुरुस्ती करायची असेल तेव्हा ते उघडा. घरातलं पहिलं सॉफ्टवेअर म्हणून नको, माणूस आठवड्यात कंटाळतो.

पैसे द्यायची तयारी असेल तर फोटोशॉप एलिमेंट्स नवशिक्यांसाठीच बनवलेलं आहे आणि पायरीपायरीनं शिकवतं. फक्त २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना ३ वर्षांचाच असतो, हे धरून चला. त्याचा ऑर्गनायझर, म्हणजे फोटो लावणारा भाग, कॅटलॉगवर चालतो, म्हणून महिन्यातून एकदा सगळे फोटो निवडून फाइल मेनूतलं 'सेव्ह मेटाडेटा टू फाइल्स' दाबायचं. व्यावसायिकांच्या लाइटरूम क्लासिकमध्ये 'कंट्रोल एस' तेच काम करतं, पण वर्गणी भरून ते घेण्याइतकं काम घरच्या फोटोंना नसतं.

क्रॅक केलेलं फोटोशॉप कोणी पेनड्राइव्हवर देत असेल तर घेऊ नका. अशाच एका पेनड्राइव्हमुळे आमच्या ओळखीच्या एका घरातले बारशापासूनचे फोटो कुलूपबंद झाले आणि उघडले नाहीत ते नाहीतच.

गूगल फोटोज शोधायला सुरेख आहे, पण १५ जीबीची फुकट जागा जीमेल आणि ड्राइव्हबरोबर वाटून मिळते, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यातच मोजले जातात. तिथून सगळं 'टेकआउट'नं उतरवलं तर तुम्ही तिथं लिहिलेली माहिती फोटोच्या आत न येता शेजारच्या जेसन नावाच्या छोट्या मजकुराच्या फाइलींत येते. दुसरी प्रत म्हणून ठेवा, एकमेव प्रत म्हणून नको.

वरचेवर येणाऱ्या बाकीच्या अडचणी

फोटोच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा 'मिसिंग' दिसतं: फोटो गेलेला नसतो. तुम्ही किंवा घरातल्या कोणी विंडोजच्या फोल्डरातून तो दुसरीकडे हलवला किंवा त्याचं नाव बदललं, आणि वहीत जुना पत्ता राहिला. एलिमेंट्समध्ये 'रीकनेक्ट'नं नवा पत्ता दाखवा. पुढं फोटो हलवायचा तर त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवा. हा नियम घरात सगळ्यांना सांगा, कारण बहुतेक वेळा हलवणारा वेगळा आणि शोधणारा वेगळा असतो.

लग्नाचे फोटो भलत्याच वर्षात जातात: व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना आतली तारीख काढून टाकतं. मग सॉफ्टवेअर फाइलीची तारीख धरतं, म्हणजे तुम्ही ज्या दिवशी उतरवला तो दिवस. फाइलीच्या नावात 'आयएमजी' नंतर जे आठ आकडे असतात तीही फोटो मिळाल्याची तारीख, काढल्याची नव्हे. स्कॅन केलेल्या फोटोंचं तसंच, १९८७ चं लग्न २०२४ मध्ये दिसतं. एका समारंभाचे सगळे फोटो निवडून 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', 'डेट टेकन' इथं खरी तारीख एकदम घालता येते. जुन्या कॅमेऱ्याची तारीखच चुकलेली असेल तर डिजिकॅममधलं तारीख-वेळ बदलण्याचं साधन सगळ्या फोटोंना सारख्याच फरकानं पुढंमागं सरकवतं. पुढच्या लग्नापासून पाहुण्यांना सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग तारीखही राहते आणि फोटो दाबलाही जात नाही.

पुन्हापुन्हा एडिट केलेला फोटो पिठूळ दिसतो: जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, एडिट करून सेव्ह केली की दर वेळी थोडी माहिती गळते. पाचव्यांदा उघडून पाचव्यांदा सेव्ह करू नका, मूळ फोटोवरून नव्यानं करा. विंडोजच्या फोटोजमध्ये 'सेव्ह अ‍ॅज कॉपी' निवडा.

आयफोनचे फोटो उघडत नाहीत: २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन हेइक प्रकारात फोटो काढतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'हेइफ इमेज एक्स्टेन्शन्स' फुकट घ्या. किंवा फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' करा. पुढचे फोटो जेपेग येतील, जुने मात्र तसेच राहतील.

मराठी कॅप्शन दुसरीकडे कचरा दिसतं: हे आपल्याकडे फार होतं, कारण ऑफिसात जुन्या फॉन्टवर टायपिंग शिकलेली मंडळी घरीही तसंच टाइप करतात. कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेलं खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट काढला की उघडी पडतात. कॅप्शन युनिकोडमध्येच हवं, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा टायपिंगमध्ये. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषांच्या सेटिंगमधून जोडून घ्या. फोल्डरांची नावं मराठीत चालतात, फक्त सुरुवातीचं वर्ष आणि महिना इंग्रजी आकड्यांत टाका म्हणजे क्रम बिघडत नाही. मावशीकडे "2019-08 तान्हा पोळा" अशी रांग लागली आहे आणि ती आता शोध न घेताही बरोबर फोल्डरात जाते.

नावं आधीच उडाली असतील तर

नवीन काही टाकण्याआधी थांबा. दुकानदारानं फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हची प्रत काढली होती का ते विचारा. काही जण 'विंडोज.ओल्ड' नावाचा फोल्डर ठेवतात, त्यातल्या युजरच्या फोल्डरात, 'अ‍ॅपडेटा'त जुनी वही सापडू शकते. सापडली तर तेच जुनं सॉफ्टवेअर टाका, वही जागेवर ठेवा आणि उघडल्याबरोबर आधी सगळी माहिती फाइलींत लिहून घ्या. मावशीची एकदा अशी निम्मी नावं परत आली होती. पिकासातले कॅप्शन तर जेपेगच्या आतच लिहिले जायचे, ते बहुधा अजूनही तिथं असतील, फक्त नव्या सॉफ्टवेअरनं वाचायला हवेत.

आणि कॉम्प्युटर पुन्हा दुकानात द्यायचा असेल तर आदल्या दिवशी ही कामं करा. सॉफ्टवेअरमधून 'फाइलीत लिहा' दाबा आणि पूर्ण होईपर्यंत बंद करू नका. डिजिकॅम असेल तर 'डिजिकॅम४.डीबी' आणि त्याच्या शेजारच्या डीबी फाइली, एलिमेंट्स असेल तर कॅटलॉगचा बॅकअप, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. फोटोंचा अख्खा फोल्डर, लपलेल्या फाइलींसकट, त्याच डिस्कवर घ्या आणि दहा-बारा फोटो उघडून पाहा. ती डिस्क कॉम्प्युटरबरोबर दुकानात पाठवू नका, घरीच कपाटात ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नको, आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. जमलं तर दुसरी एक प्रत भावाकडे किंवा बहिणीकडे असू द्या. मावशीची दुसरी प्रत माझ्याकडे आहे. दर दिवाळीला ती डिस्क घेऊन येते आणि आम्ही दोघी मिळून त्यात नवीन फोटो भरतो.